वाढीचे संप्रेरक : गरज आणि हव्यास

जानेवारी १९९८ मधली घटना आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जलतरणाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरायची होती. त्यासाठी निघालेल्या चिनी जलतरणपटू सिडनीच्या विमानतळावर उतरल्या. युआन युआन या खेळाडूच्या सामानात जकात अधिकाऱ्यांना एक थर्मास सापडला. त्यात चहा नव्हता. त्यात औषधाच्या तेरा कुप्या होत्या. कुप्यांमध्ये होते मानवी वाढ-संप्रेरक. खेळाडूवर चार वर्षांची आणि तिच्या प्रशिक्षकावर पंधरा वर्षांची बंदी आली.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या सरहद्दीवर एक मोटार अडवण्यात आली. तूर द फ्रान्स या प्रसिद्ध सायकल शर्यतीत उतरणाऱ्या फेस्टिना संघाची ती मोटार. इतर अनेक उत्तेजक द्रव्यांबरोबर तिच्यातही हेच संप्रेरक निघाले.

या दोन्ही घटनांमध्ये एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चोरी पकडली ती जकातवाल्यांनी, प्रयोगशाळेने नव्हे. या खेळाडूंच्या लघवीची कितीही तपासणी केली असती, तरी त्या काळी काहीच सापडले नसते. वाढ-संप्रेरकावर बंदी होती १९८९ पासून. पण ते ओळखण्याची कसोटी १९९८ मध्ये अस्तित्वातच नव्हती. ती तयार व्हायला इतकी वर्षे का लागली, हे समजण्यासाठी आधी हे द्रव्य शरीरात काय करते ते पाहू.

वाटाण्याएवढी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे कवटीच्या हाडात एक लहानसा खळगा असतो. त्यात बसते पीयूषिका ग्रंथी. आकाराने वाटाण्याएवढी, वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम. ती जी अनेक संप्रेरके रक्तात सोडते, त्यांतले एक म्हणजे वाढ-संप्रेरक. रासायनिक दृष्टीने ते प्रथिन आहे : १९१ अमिनो आम्लांची एक साखळी, ठरावीक पद्धतीने घडी घातलेली. उष्णतेने ही घडी उलगडली की प्रथिन निकामी होते. (अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, तो अशीच घडी उलगडल्यामुळे. थर्मास लागतो तो यासाठी.)

हे संप्रेरक नळाच्या धारेसारखे सतत वाहत नाही. ते झटक्याझटक्याने सुटते, आणि सर्वांत मोठा झटका येतो रात्री, गाढ झोप लागल्यावर. दिवसा मधल्या वेळी रक्तात त्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर असू शकते. केव्हा सोडायचे आणि केव्हा थांबायचे, याचे हुकूम वरून, म्हणजे मेंदूतील अधश्चेतक या भागाकडून येतात. एक रासायनिक निरोप 'सोड' म्हणतो, दुसरा 'थांब' म्हणतो.

रक्तात उतरल्यावर हे संप्रेरक यकृताकडून आणखी एक द्रव्य तयार करवून घेते. इन्शुलिनशी साम्य असल्यामुळे त्याला 'इन्शुलिनसदृश वाढ-घटक' म्हणतात; थोडक्यात आयजीएफ-१. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तेथील पेशी या दोघांच्या प्रभावाखाली विभागत राहतात, त्यांच्या जागी हाड तयार होत जाते आणि हाड लांब होते. वयात आल्यानंतर काही वर्षांत ही पट्टी हाडात मिसळून जाते. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी, मुलांमध्ये सोळा ते अठराव्या वर्षी. त्यानंतर संप्रेरक कितीही दिले, तरी उंची वाढत नाही.

पण म्हणून संप्रेरकाचे काम संपत नाही. ते मोठ्या माणसातही आयुष्यभर तयार होते. चरबी विरघळवणे, प्रथिने बांधायला मदत करणे, रक्तातील साखर टिकवून धरणे ही कामे चालूच असतात. खेळाडूंचे आणि म्हातारपण टाळू पाहणाऱ्यांचे लक्ष या दुसऱ्या यादीवर आहे.

पीयूषिकेवर गाठ होऊन लहानपणीच संप्रेरक जास्त सुटू लागले, तर उंचीला आवर राहत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट वॉडलो याची उंची २७२ सेंटिमीटर झाली होती. १९४० साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो मरण पावला. हीच गाठ हाडांच्या पट्ट्या मिटल्यानंतर झाली, तर उंची वाढत नाही. मात्र हात, पाय, जबडा रुंदावत जातात, हृदय मोठे होते, मधुमेह जडतो. या विकाराला अ‍ॅक्रोमेगॅली म्हणतात. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले. संप्रेरक कमी पडले, तर मूल प्रमाणबद्ध पण ठेंगणे राहते. अशा मुलांच्या बुद्धीत सहसा काही उणे नसते, हे शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. पहिलीतले वाटणारे मूल पाचवीत असले, की मोठी माणसे नकळत त्याच्याशी पहिलीतल्या मुलासारखेच बोलू लागतात.

मृतांकडून घेतलेले औषध

इन्शुलिनची गोष्ट आपल्याला माहीत असते. गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन माणसाला चालले आणि १९२२ पासून मधुमेहाचे रोगी वाचू लागले. वाढ-संप्रेरकाच्या बाबतीतही तसेच होईल, अशी अपेक्षा होती. १९४४ मध्ये गायीचे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळालेही. परंतु माणसावर त्याचा उपयोग झाला नाही. गायीच्या आणि माणसाच्या या प्रथिनात सुमारे एक तृतीयांश अमिनो आम्ले वेगळी असतात. माणसाच्या पेशींवरील कुलपाला गायीची किल्ली बसत नाही.

तेव्हा माणसाचेच संप्रेरक हवे. ते मिळणार कोठून? शवविच्छेदनाच्या वेळी काढलेल्या पीयूषिका ग्रंथींमधून. १९५६ मध्ये चो हाओ ली यांनी मानवी संप्रेरक वेगळे केले. १९५८ मध्ये बॉस्टनच्या मॉरिस रेबन यांनी त्याच्या साहाय्याने एका सतरा वर्षांच्या ठेंगण्या मुलाची उंची वाढल्याचे जाहीर केले. मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांत शवागारांमधून ग्रंथी गोळा करण्याच्या राष्ट्रीय योजनाच सुरू झाल्या. एका मुलाच्या वर्षभराच्या उपचारासाठी डझनावारी ग्रंथी लागत. औषध इतके दुर्मीळ, की कोणाला द्यायचे हे समित्या ठरवत आणि ठरावीक उंची गाठली की ते बंद करत. अमेरिकेत १९६३ ते १९८५ या काळात सुमारे सात हजार सातशे मुलांना ते मिळाले, ब्रिटनमध्ये सुमारे अठराशे मुलांना.

या पद्धतीतला धोका तिच्या रचनेतच दडलेला होता. हजारो ग्रंथी एकत्र वाटून त्यांचा एक घाणा काढला जाई. हजारांतली एकच ग्रंथी दूषित असली, तरी सगळा घाणा दूषित.

१९८४ साली अमेरिकेत एक विशीतला तरुण मरण पावला. आधी चक्कर, मग तोल जाणे, मग बोलणे अडखळणे आणि काही महिन्यांत मृत्यू. निदान झाले क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचे. हा मेंदूचा रोग एरवी साठीच्या आसपास होतो आणि दहा लाखांत वर्षाला एखाद्यालाच होतो. विशीतल्या मुलाला तो कसा झाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टर रेमंड हिंट्झ यांना आठवले, की या मुलाला लहानपणी वाढ-संप्रेरकाची इंजेक्शने दिली होती. त्यांनी सरकारला कळवले. शोध घेताच तशीच आणखी प्रकरणे पुढे आली. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेने शवातून काढलेल्या संप्रेरकाचे वाटप थांबवले आणि लगोलग ब्रिटननेही.

या रोगाला कारणीभूत असतो प्रायॉन. तो जिवाणू नव्हे, विषाणूही नव्हे. तो चुकीची घडी पडलेले प्रथिन असतो. शेजारच्या चांगल्या प्रथिनांची घडीही तो आपल्यासारखी बिघडवत जातो. उकळून किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तो मरत नाही, कारण मुळात तो जिवंतच नाही. आणि तो घाई करत नाही. इंजेक्शन घेतल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही लोक आजारी पडले आहेत. जगभरात या मार्गाने दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या फ्रान्समधील शंभरावर होती. तेथे जबाबदार डॉक्टरांवर आणि अधिकाऱ्यांवर खटला चालला. २००९ मध्ये ते सर्व निर्दोष सुटले.

प्रकरण इतक्यावरही मिटलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या जॉन कॉलिंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. लहानपणी शवातील संप्रेरक घेतलेल्या पाच जणांना तुलनेने कमी वयात अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झाला होता. त्या जुन्या औषधाबरोबर अल्झायमरशी संबंधित प्रथिनाचे बीजही गेले असावे, असा त्याचा अर्थ. अल्झायमर झालेल्या माणसाची सेवा केल्याने तो रोग लागतो, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. संशोधकांनीही ते स्पष्ट केले आहे.

जिवाणूंची कारखानदारी

सुदैवाने पर्याय तोपर्यंत दाराशी येऊन उभा होता. मानवी वाढ-संप्रेरकाची कृती सांगणारे जनुक जिवाणूत घालण्यात अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९७९ मध्येच यश आले होते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला जनुक दिले, की तो मोठ्या टाक्यांत मुकाट्याने माणसाचे प्रथिन तयार करू लागतो. शवातील औषध बंद झाल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९८५ मध्ये, या नव्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. यात शवाचा संबंध नाही, म्हणून प्रायॉनची भीती नाही. आज मिळणारे सर्व वाढ-संप्रेरक असे जनुक अभियांत्रिकीने बनवलेले आहे.

जे औषध समित्या मोजूनमापून देत, ते आता हवे तेवढे तयार करता येऊ लागले. येथून पुढची गोष्ट टंचाईची राहिली नाही. औषध मुबलक झाल्यावर 'गरज कोणाला' याची व्याख्या हळूहळू रुंदावत गेली. संप्रेरकाची कमतरता असलेली मुले तर होतीच. त्यांच्या जोडीला दीर्घ मूत्रपिंडविकाराची मुले आली, टर्नर विकार असलेल्या मुली आल्या आणि आणखी काही आजार आले. यांत उपचाराला वैद्यकीय आधार चांगला आहे. २००३ मध्ये मात्र अमेरिकेने एक वेगळेच पाऊल टाकले. ज्यांना कोणताही आजार नाही, संप्रेरकही पुरेसे आहे, केवळ उंची फार कमी आहे, अशा मुलांनाही हे औषध देण्यास परवानगी दिली. अट एवढीच, की मूल आपल्या वयाच्या सर्वांत ठेंगण्या १.२ टक्क्यांत असावे.

यावर आपण गणिताच्या अंगाने विचार करू. शंभर मुले उंचीने उभी केली, तर सर्वांत ठेंगणे एक मूल असणारच. त्याला औषध देऊन वर सरकवले, तर त्याच्या जागी दुसरे कोणी येईल. 'सर्वांत ठेंगणे' हा रोग नव्हे, ते रांगेतले स्थान आहे. अशा निरोगी मुलांना वर्षानुवर्षे रोज इंजेक्शन देऊन अखेर सरासरी चार ते सहा सेंटिमीटर उंची अधिक मिळते. काही घरांना तेवढ्यासाठी एवढा खटाटोप योग्य वाटतो. आम्हाला तो वाटत नाही; पण हा प्रश्न विज्ञानापेक्षा समाजाच्या नजरेचा आहे, हेही मान्य करावे लागेल.

खरी कमतरता असली तर चित्र अगदी वेगळे असते. अर्जेंटिनातील रोझारिओ शहरातला लिओनेल मेस्सी हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्यात संप्रेरकाची कमतरता आढळली. उपचाराचा खर्च घराला झेपणारा नव्हता. २००० साली, वयाच्या तेराव्या वर्षी तो बार्सिलोनाला गेला आणि तेथील क्लबने तो खर्च उचलला. पुढे त्याची उंची साधारण १७० सेंटिमीटर झाली. फुटबॉलमध्ये तो कोण झाला हे सांगायला नको. विद्यार्थी कधी विचारतात, 'मग मेस्सीनेही उत्तेजक घेतले असेच ना?' नाही. जे शरीरात असायला हवे होते आणि नव्हते, ते त्याला डॉक्टरांनी दिले. चष्मा लावून इतरांइतके दिसणे आणि दुर्बीण लावून नेमबाजीला उतरणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

ताकद वाढते का?

आता थर्मासकडे परत जाऊ. खेळाडू हे औषध का घेतात? स्नायू भरतात, चरबी घटते, दुखापत लवकर भरून येते, असे ऐकून. आणि सापडत नाही म्हणून. हे शेवटचे कारण बहुधा सर्वांत मोठे असावे.

प्रत्यक्षात काय होते हे तपासणे सोपे नाही. खेळाडू जेवढी मात्रा चोरून घेतात, तेवढी प्रयोगासाठी देणे नैतिक ठरणार नाही. तरी जे प्रयोग झाले, ते बोलके आहेत. २००८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात दिसले, की शरीराचे चरबीविरहित वजन सुमारे दोन किलोने वाढते, पण ताकद वाढल्याचे दिसत नाही. २०१० मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ९६ हौशी खेळाडूंवर आठ आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजन उचलण्याची ताकद वाढली नाही, उडी वाढली नाही, दमही वाढला नाही. वाढलेल्या 'चरबीविरहित' वजनाचा मोठा भाग स्नायू नव्हताच. ते पेशींबाहेर साठलेले पाणी होते. एकाच चाचणीत फरक पडला. सायकलवर थोडा वेळ जीव तोडून मारलेल्या वेगात सुमारे चार टक्के वाढ झाली. औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांनी तीही उरली नाही.

चार टक्के हा आकडा कमी वाटेल. पण शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिला आणि शेवटचा यांत अनेकदा त्याहून कमी अंतर असते. म्हणून 'काहीच फायदा नाही' असे विद्यार्थ्यांना सांगणे चूक ठरेल. ते खोटे ठरले की आपले बाकीचे बोलणेही मुले ऐकणार नाहीत. खरे ते सांगावे : फायदा असलाच तर अरुंद आणि तात्पुरता. त्यासाठी द्यावी लागणारी किंमत म्हणजे अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबून हाताला मुंग्या येणे, रक्तातील साखर वाढणे. आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली, तर अ‍ॅक्रोमेगॅलीत होते ते सारे.

आता कसोटीचा प्रश्न. अडचण अशी, की बाहेरून घेतलेले संप्रेरक आणि शरीरातले संप्रेरक एकच. त्याच १९१ अमिनो आम्लांची तीच साखळी. शिवाय रक्तातले प्रमाण दर तासाला बदलणारे, आणि लघवीत ते जवळजवळ उतरतच नाही. नुसते प्रमाण मोजून 'हे जास्त आहे' असे कसे म्हणणार?

वाट सापडली ती निसर्गाच्या अव्यवस्थितपणामुळे. पीयूषिका केवळ एकाच प्रकारचे संप्रेरक बनवत नाही. मुख्य साखळीबरोबर थोड्या आखूड साखळीचे आणि इतर प्रकारही ती सोडते. कारखान्यातले औषध मात्र एकाच प्रकारचे. घरच्या शेतातल्या ज्वारीत चार बाजरीचे, दोन तुरीचे दाणे असायचेच. पिशवीबंद धान्य एकसारखे. आणि आणखी एक गोष्ट होते : बाहेरून संप्रेरक आले, की पीयूषिका आपले काम थांबवते. त्यामुळे रक्तात इतर प्रकारांच्या तुलनेत मुख्य प्रकाराचे प्रमाण एकदम वाढते. हे गुणोत्तर मोजण्याची कसोटी जर्मन संशोधकांनी विकसित केली आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती प्रथम वापरली गेली. त्या वेळी कोणीही सापडले नाही. पहिला खेळाडू अडकला तो २०१० मध्ये, ब्रिटनचा रग्बीपटू टेरी न्यूटन. याचे कारण उघड आहे. इंजेक्शननंतर दीड-एक दिवस उलटला, की हे गुणोत्तर पूर्ववत होते. दुसरी कसोटी आयजीएफ-१ आणि स्नायुबंध तयार होताना रक्तात येणारे एक द्रव्य यांवर आधारलेली आहे. हा परिणाम अधिक दिवस टिकतो. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये तिच्या आधारे दोन रशियन भारोत्तोलक पकडले गेले.

कसोटी मिळाली म्हणजे निकाल मिळाला असे नाही. एस्टोनियाचा ऑलिंपिकविजेता स्कीपटू आंद्रुस वेर्पालू २०११ मध्ये दोषी ठरला होता. २०१३ मध्ये क्रीडा लवादाने त्याच्यावरील कारवाई रद्द केली. संप्रेरक घेतले असावे असे मानायला जागा आहे, असे लवादानेच म्हटले. पण ज्या मर्यादेपलीकडचे गुणोत्तर 'दोषी' मानायचे, ती मर्यादा ठरवताना वापरलेले आकडे पुरेसे भक्कम असल्याचे सिद्ध झालेले नाही, असेही त्याने सांगितले. सरासरी आणि विचलन शिकवताना 'याचा उपयोग काय' असे कोणी विचारले, तर हे उदाहरण द्यावे. रेषा कोठे आखायची यावर एका माणसाचे सारे नाव अवलंबून होते.

तारुण्याचे दुकान

खेळाडूंपेक्षा मोठा बाजार उभा राहिला तो वेगळ्याच वयात. १९९० मध्ये डॅनियल रुडमन यांनी साठीपुढच्या पुरुषांवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण एकवीस जण. त्यांतल्या बारा जणांना सहा महिने संप्रेरक दिले. चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्क्यांनी वाढले. बारा माणसांच्या या आकड्यांवर 'म्हातारपण परतवणाऱ्या' दवाखान्यांचा आणि गोळ्यांचा धंदा उभा राहिला. १९९६ मध्ये बावन्न वृद्धांवर केलेल्या अभ्यासात शरीराची घडण तशीच बदलली, पण ताकद किंवा रोजची कामे करण्याची क्षमता वाढली नाही. जाहिरातींत हा दुसरा अभ्यास अर्थातच नसतो. रुडमन यांचा लेख छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २००३ मध्ये अशा वापराबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली.

निसर्गातला पुरावा तर उलट दिशेचा आहे. ज्या उंदरांवर वाढ-संप्रेरकाचा परिणामच होत नाही, ते बुटके उंदीर नेहमीच्या उंदरांपेक्षा बरेच अधिक जगतात. दक्षिण अमेरिकेत इक्वाडोरच्या डोंगराळ भागात सुमारे शंभर ठेंगणी माणसे आहेत. त्यांच्या रक्तात संप्रेरक भरपूर असते, पण पेशींवरचे कुलूपच जनुकीय दोषामुळे बिघडलेले. या विकाराचे वर्णन इस्रायलच्या झ्वी लारॉन यांनी १९६६ मध्ये केले. इक्वाडोरमधील लोकांचा वीसेक वर्षे मागोवा घेतल्यावर २०११ मध्ये असे दिसले, की त्यांच्यात मधुमेह कोणालाही नव्हता आणि कर्करोग केवळ एकाला झाला होता. ते फार दीर्घायुषी आहेत असे मात्र नाही. अपघात आणि दारूने त्यांतले बरेच जण दगावतात.

शाळेत काय पाहावे

आपल्याकडे या विषयाची गाठ पडते ती 'उंची वाढवा' म्हणणाऱ्या जाहिरातींशी. डब्यातली पूड, गोळ्या, जिभेवर मारायचा फवारा. सातवी-आठवीच्या पचनसंस्थेच्या धड्यात याचे उत्तर आहे. वाढ-संप्रेरक हे प्रथिन. पोटात गेले की डाळीच्या प्रथिनासारखेच पचून त्याची अमिनो आम्ले होतात. ते इंजेक्शनानेच घ्यावे लागते. पूर्वी रोज रात्री घ्यावे लागे. २०२० नंतर आठवड्यातून एकदा घ्यायचे प्रकारही आले आहेत.

खऱ्या कमतरतेची मुले थोडी असतात, साधारण चार ते दहा हजारांत एक. वाढ खुंटण्याची नेहमीची कारणे निराळी : अपुरा आहार, जुनाट आजार, थायरॉइडची कमतरता, गव्हातील प्रथिन न सोसणे. काही मुले आईवडिलांसारखी ठेंगणी असतात, काही नुसती उशिरा वयात येतात. अंदाजासाठी एक सोपे गणित आहे. वडिलांची आणि आईची उंची मिळवा. मुलगा असेल तर त्यात १३ सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. वडील १६५, आई १५२, तर मुलगा १६५ च्या आसपास आणि मुलगी १५२ च्या आसपास. सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच.

आणखी एक कारण डॉक्टरांपेक्षा शिक्षकांच्या नजरेला लवकर पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, ब्रिटिश आहारतज्ज्ञ एल्सी विडोसन जर्मनीतील दोन अनाथाश्रमांतील मुलांची वाढ मोजत होत्या. प्रत्येकी पन्नासएक मुले, दोन्हीकडे शिधा सारखा. तरी एका ठिकाणची मुले कमी वाढत होती. तेथील संचालिका कडक होत्या आणि नेमक्या जेवणाच्या वेळी सर्वांदेखत मुलांना फैलावर घेत. सहा महिन्यांनी विडोसन यांनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या आश्रमाला जादा अन्न सुरू केले. योगायोगाने त्याच सुमारास या बाईंची बदली त्याच आश्रमात झाली. जादा अन्न मिळूनही तेथील मुलांची वाढ मंदावली. आणि त्या जिथून गेल्या तेथील मुले जुन्याच शिध्यावर भराभर वाढू लागली. त्यांची काही लाडकी मुले त्यांनी बरोबर नेली होती. तीही चांगली वाढली! संप्रेरक मोजण्याची सोय त्या वेळी नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी घरी अत्यंत आबाळ झालेल्या तेरा मुलांपैकी काहींत वाढ-संप्रेरक कमी असल्याचे दाखवले. घरातून हलवल्यावर, कोणतेही संप्रेरक न देता, ती मुले वाढू लागली.

शाळेत मोजायचे ते नुसती उंची नव्हे, वाढीचा वेग. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. चारपेक्षा कमी वाढले, तर पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. भारतीय मुलांसाठीचे वाढीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारले. ते करण्यात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. हे तक्ते शाळेत लावून ठेवता येतील. तपासणीला उशीर होऊ नये, कारण कूर्चेची पट्टी मिटली की औषधाचाही उपयोग उरत नाही.

मोजताना बूट-चपला काढाव्यात, अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडावी, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवावी, नजर समोर. डोक्यावर वही तिरकी धरू नये. काटकोनी लाकडी गुण्या उत्तम. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर घटते. तेव्हा जूनमध्ये सकाळी मोजले असेल, तर पुढच्या जूनमध्येही सकाळीच मोजावे.